गणवेशातला फोटो

बेसबॉलच्या संघाला चेंडू फेकणारे पिचर डझनभर लागतात, पण फलंदाजामागे बसून ते चेंडू झेलणारे कॅचर दोन-तीन असले की भागतं. म्हणून कॉलेजं दर वर्षी नवा कॅचर सहसा एकच घेतात. एमेट क्लासनला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो आठव्या वर्षापासून, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे उकिडवा बसत आला होता.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, सप्टेंबरात, त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मॅकेन्झी स्टेट हे मोठं विद्यापीठ. त्यांचे सामने रेडिओवर लागतात आणि मैदानाला चार बाजूंनी दिवे आहेत. दुसरं ऑर्डवे कॉलेज. एमेटच्या लिंडवॉल गावात त्या कॉलेजचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांना ते अवघड अभ्यासासाठी माहीत होतं.

एमेटच्या खेळात एक गोष्ट होती, ती फार लोकांच्या लक्षात येत नसे. प्लेटच्या जरा बाहेरून आलेला चेंडू झेलताना बहुतेक कॅचर हात झटकन आत ओढतात. पंचाला तो चेंडू नीट आल्यासारखा वाटावा, हा त्यातला हेतू. एमेट ओढत नसे. त्याचा हात जिथे चेंडू लागला तिथेच शांत राहायचा. त्यामुळे गंमत अशी व्हायची की पंच त्याच्यावर विश्वास ठेवू लागायचे, आणि सामन्याच्या शेवटी शेवटी बाहेरचे एक-दोन चेंडू त्याला फुकट मिळून जायचे. उलट दुसऱ्याचा हात केसभर जरी हलला तरी ते त्याला लांबून दिसायचं.

दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे तिची थट्टा करत. शाळेच्या मैदानामागे गाड्या लावायच्या जागेत चुनखडीची खडी टाकलेली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या भागात, आयोवा राज्यात, समुद्र होता; त्यातल्या प्राण्यांच्या देठासारख्या अंगांच्या, दगड झालेल्या बारीक चकत्या त्या खडीत सापडत. सामना संपला की बाकीची पोरं पिझ्झाच्या दुकानाकडे धावत, आणि एमेट गुडघ्याचे पॅड न काढता खाली बसून खडी चिवडत राही. वडील, वॉरन, गाडीत हॉर्न वाजवत थांबलेले असत.

"याला न्यायला येणाऱ्या कॉलेजाला सांगून ठेवा," ते इतर पालकांना म्हणत, "सोबत एक खोरं लागेल."

एमेटला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. हे त्याने घरी सांगितलं होतं, आणि घरच्यांनी ऐकूनही घेतलं होतं, जसं मुलाने अंतराळात जायचं म्हटल्यावर ऐकून घेतात तसं.

ऑर्डवेला तो आईबरोबर गेला. सोयाबीनची कापणी सुरू झाली होती आणि वॉरनना धान्याच्या कोठारावरून हलता येत नव्हतं. गावच्या सहकारी कोठाराचा वजनकाटा ते सांभाळत. त्या दिवसांत ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत जाते.

ऑर्डवेचं मैदान रेल्वेच्या रुळांना लागून होतं. बसायला लाकडी फळ्या होत्या. साडेचारला सराव सुरू झाला. थोड्या वेळाने भूगर्भशास्त्राच्या तासाहून दोन खेळाडू धावत आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. कोच हॅल्वरसन म्हातारे होते. हातातल्या बॅटवर टेकून उभे होते. त्यांनी त्या दोघांकडे वळूनही पाहिलं नाही.

"सापडलं काही?"

"ओढ्याच्या काठाला निळी माती लागली, कोच."

"छान. आता पाय सैल करा. आणि तो चिखल माझ्या डगआऊटमध्ये आणू नका."

एवढंच. एमेटने ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

सराव संपल्यावर कोच त्याच्याशी बोलले. बोलताना ते चेंडूची शिवण अंगठ्याने चाचपत होते. "आमच्यात खेळासाठी पैसे मिळत नाहीत. मार्कांवर कॉलेज काही सूट देतं, ते माझ्या हातात नाही. बसचे प्रवास लांबचे असतात आणि बसमध्ये गरम होतं. प्रेक्षक म्हणजे आईवडील आणि शेजारचा एक कुत्रा. मला या वर्षी एक कॅचर हवाय आणि यादीत तू पहिला आहेस. नाही म्हणालास तर मी पुढच्या मुलाला फोन करीन, राग येणार नाही."

"कधीपर्यंत सांगू, कोच?"

"मका घरात येईपर्यंत सांग. फक्त जे असेल ते तू स्वतः सांग."

परतीच्या वाटेवर आईने, जोनेलने, बराच वेळ काही विचारलं नाही. ती शाळेत नर्स होती. मुलांना आपणहून बोलू देण्याची तिला सवय होती. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"मग? कसं वाटलं?"

"मैदान लहान आहे."

"मैदानाचं कोण विचारतंय?"

"बाकीचं आवडलं," एमेट म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण मैदान खरंच फार लहान आहे, मॉम."

ते खोटं नव्हतं. भूगर्भशास्त्र आवडतं म्हणून त्याला दिव्यांचं, गर्दीचं वेड नव्हतं असं नाही. आपण किती चांगले आहोत हे त्याला पाहायचं होतं, आणि ते रुळांजवळच्या मैदानावर कळलं नसतं.

मॅकेन्झी स्टेटला वडील स्वतः आले. कापणीच्या ऐन दिवसांत वॉरन क्लासनने वजनकाटा दुसऱ्याच्या हाती देऊन शनिवारची सुट्टी घेतली, याचीच गावात चर्चा झाली.

तिथलं सगळं मोठं होतं. खेळाडूंसाठी वेगळी खानावळ होती आणि तिथे हवं तेव्हा अंडी तळून मिळत. वॉरननी दोनदा घेतली. कोच स्टॅमर उंच, हसतमुख. एमेटने उन्हाळ्यात खेळलेल्या सामन्यातला एक एक चेंडू त्यांच्या लक्षात होता.

"तुझ्यासारखे शांत हात मी चार वर्षांत पाहिले नाहीत," ते म्हणाले. हे म्हणताना ते सरळ एमेटच्या डोळ्यांत पाहत होते. मग एमेटने भूगर्भशास्त्राचं विचारलं. "तुला हवं ते शीक. आम्ही कुणाला अडवत नाही," असं स्टॅमर म्हणाले, आणि म्हणता म्हणता घड्याळाकडे पाहिलं. एमेटला वाटलं, चेंडू ओढणाऱ्या कॅचरसारखा हात हलला.

खेळाडूंच्या अभ्यासाचं पाहणाऱ्या बाई होत्या, मिस कॅरोवे. त्या प्रेमळ होत्या. त्यांनी पडद्यावर आठवड्याचं वेळापत्रक दाखवलं. रोज दुपारी एकपासून पुढे सगळे चौकोन लाल होते.

"हा सराव," बाई म्हणाल्या. "वर्ग सकाळी."

"प्रयोगशाळा कधी असते?"

"प्रयोग बहुतेक दुपारी असतात. पण आपल्याकडे क्रीडा व्यवस्थापन आहे, ते सगळं सकाळी बसतं. पुष्कळ मुलं तेच घेतात. पहिलं वर्ष झालं की बदलताही येतं."

"कुणी बदललंय?"

बाईंनी खरंच आठवून पाहिलं. "माझ्या वेळेत नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी एमेटला गॅव्हिनच्या हवाली केलं. गॅव्हिन शेवटच्या वर्षाचा, संघाचा मुख्य कॅचर. दोघे मैदानाच्या पायऱ्यांवर सँडविच खात बसले.

"तू काय शिकतोस?" एमेटने विचारलं.

"क्रीडा व्यवस्थापन. आलो होतो पूल बांधायला शिकायला." गॅव्हिनने लोणच्याची काकडी सँडविचातून काढून बाजूला ठेवली. "कुणी फसवलं नाही हां मला. एक वर्ष थांब म्हणाले, थांबलो. दुसऱ्या वर्षी मी मुख्य कॅचर झालो. मग पुलाचं कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही."

"वाईट वाटतं?"

"मागच्या वसंतात नऊ हजार लोकांसमोर शेवटचा बळी मी घेतला. त्या दिवशी विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो." तो थोडा वेळ चावत राहिला. "परवा एका पुलावरून बस चालली होती. त्या दिवशी विचारायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, त्याला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. तिथे एका कपाटावर त्याच्या नावाची पाटी लावलेली आणि आत पूर्ण गणवेश, पाठीवर त्याचाच नंबर. छायाचित्रकार दिवे लावून तयार होता. बोलावलेल्या सगळ्या मुलांचे असे फोटो काढतात. त्याने कुणी बांधील होत नाही, हे एमेटला माहीत होतं. तरीही कपडा अंगावर आला तेव्हा त्याची पाठ आपोआप ताठ झाली. कॅचरचा जाळीचा मुखवटा कपाळावर सरकवून तो दिव्यांत उभा राहिला आणि छायाचित्रकाराने सांगायच्या आत हसला.

वडील दाराशी उभे होते. टोपी हातात घेतली होती, चर्चमध्ये घेतात तशी.

गाडीत ते म्हणाले, "तो फोटो मला पाठव."

एमेटने पाठवला.

"कोठारावर रेडिओ आहेच," वॉरन थोड्या वेळाने म्हणाले. "आवाज मोठा करून ठेवीन. रांगेतल्या सगळ्यांना ऐकावं लागेल."

एमेटला मिस कॅरोवेच्या लाल चौकोनांबद्दल बोलायचं होतं. पण वडील शीळ घालत होते. ते शीळ घालतात हे त्याला त्या दिवशीच कळलं.

सोमवारी शाळेत दुपारच्या जेवणाला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल होता. एमेट ताट घेऊन वळला तर वाढणाऱ्या बाईंनी त्याला एक रोल जास्तीचा दिला.

"मॅकेन्झी स्टेटच्या कॅचरला," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"मार्लिसच्या कॅफेबाहेर पाटीवर आहे की."

वॉरननी फोटो इंटरनेटवर संघाच्या पालकांच्या पानावर टाकला होता. वर तीनच शब्द लिहिले होते: 'फार अभिमान वाटतो.' मार्लिसने तो छापून गल्ल्याशेजारी चिकटवला होता, आणि बाहेरच्या पाटीवरचं त्या दिवशीच्या सुपाचं नाव उतरवून मोठ्या अक्षरांत लावलं होतं: 'अभिनंदन एमेट, मॅकेन्झी स्टेट.'

तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण बेसबॉलच्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं: गणवेशातला फोटो कॉलेज पक्कं ठरेपर्यंत आपल्या फोनमध्ये ठेवायचा. तो बाहेर आला म्हणजे ठरलं. वॉरन एमेटच्या आधी कुणाचे बाप नव्हते, त्यांना हे कुठून माहीत असणार. एमेटला माहीत होतं. त्याने त्याच क्षणी म्हणायला हवं होतं की अजून काही ठरलेलं नाही. पण गणिताच्या सरांनी उठून हात मिळवला, संघातल्या पोरांनी ताटं वाजवली, आणि जो पिचर त्याला 'खडीवाला' म्हणायचा तो म्हणाला, "आता टीव्हीवर दिसलास की आम्हाला ओळख दाखव." एमेट हसला. दुसरा रोलही त्याने खाल्ला. मंगळवारीही त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही.

बुधवारी कोच हॅल्वरसनचा फोन आला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ठीक आहे."

"कोच, माझं अजून ठरलेलं नाही. तो नुसता फोटो आहे."

पलीकडे कोचनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सगळ्यांचे काढतात," एमेट म्हणाला.

"काढतात सगळ्यांचे. लावत नाहीत सगळे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच एमेटला ते जास्त लागलं. "काल मी डब्यूकच्या एका मुलाला फोन केला. तो हो म्हणाला. त्याची आई फोनवर रडली. आता त्याला मी काय सांगू?"

"काही नाही, कोच. सांगू नका."

"फोटोत तू मनापासून हसलायस, पोरा. मी म्हटलं, ठरलं."

एमेट सायकल घेऊन तडक कोठारावर गेला. ट्रकांची रांग होती. वॉरन काट्याच्या खोलीत, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. दोन ट्रकांच्या मधे जेवढं बोलता आलं तेवढं दोघे बोलले.

"ऑर्डवेची जागा गेली."

"कशी?"

"तो फोटो तू लावलास म्हणून."

"मी लिहिलं अभिमान वाटतो. ठरलं असं कुठे लिहिलंय मी?" वॉरननी खिडकीतून हात काढून ट्रकला पुढे यायची खूण केली. "आणि तू दोन दिवस काय करत होतास? मार्लिस म्हणाली, तू पाटीखाली उभा राहून पोरांबरोबर फोटो काढलास."

ट्रक काट्यावर चढला, वजन झालं, उतरला.

"बरं, मग झालं की," वॉरन म्हणाले. "प्रश्न सुटला. मॅकेन्झी."

"तिकडे दुपारी सराव असतो, प्रयोगांना जाता येत नाही. मला दगड शिकायचेत, डॅड."

"दगड कुठे पळून चाललेत? किती कोटी वर्षं पडलेत म्हणालास? आणखी चार वर्षं पडतील."

रांगेतल्या पहिल्या ट्रकमधला शेतकरी हे ऐकून हसला. एमेटलाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

"दगड थांबतील," तो म्हणाला. "मी थांबेन की नाही ते माहीत नाही. तिथला कॅचर पूल बांधायला आला होता. तो थांबला नाही, डॅड. त्याला कुणी अडवलं नव्हतं, तरी नाही."

वॉरननी भुवयांवरची धूळ मनगटाने पुसली. ती आणखी पसरली.

"मला वाटलं तुला ते हवंय," ते म्हणाले. "तू हसत होतास."

"हवंच होतं. अजूनही हवंय." एमेट म्हणाला. "तेच तर."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

दुसऱ्या दिवशी एमेटने कोच स्टॅमरना फोन केला. काय विचारायचं ते त्याने आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

"मंगळवार आणि गुरुवारी दुपारी भूगर्भशास्त्राचे प्रयोग असतात. त्या दोन दिवशी मी सरावाला उशिरा आलो तर चालेल का?"

"एमेट, पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं," स्टॅमर म्हणाले. "आधी संघात रुळ. मग आपण बसून काहीतरी काढू."

"हो का नाही, कोच? मला तेवढंच हवंय."

स्टॅमरचा आवाज बदलला. हसू निघून गेलं आणि तो जास्त बरा वाटू लागला. "नाही. दुसऱ्या कुणाचं जमवलं असतं. कॅचर नसेल तर माझे डझनभर पिचर टाकणार कुणाला? तू माझ्या जागी असतास तर तूही नाहीच म्हणाला असतास."

"हो," एमेट म्हणाला. ते खरंच होतं. "थँक यू, कोच. मी येत नाही."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता त्याच्याकडे एकही कॉलेज नाही. तो स्वयंपाकघरात गेला, आईला सांगितलं. जोनेल बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"ऑर्डवेत शिकायला कॅचर असावं लागतं का?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी विचारतेय. तिथे बाकीची दीड हजार पोरं आहेत, ती काय सगळी कॅचर आहेत?"

त्याच संध्याकाळी त्याने कोच हॅल्वरसनना फोन लावला. आधी माफी मागितली. मग म्हणाला, "मी मार्कांवर अर्ज करतोय. प्रवेश मिळाला तर पुढच्या वर्षी मैदानावर येऊ का?"

"मैदानावर मी कुणालाही येऊ देतो. पण नीट ऐक. डब्यूकच्या मुलाला मी शब्द दिलाय. पहिली संधी त्याची. तू दोन वर्षं कुंपणाजवळ बसून सरावातल्या पिचरांचे चेंडू झेलशील, कदाचित चार वर्षं. मी तुला काहीही कबूल करत नाहीये."

"चालेल."

"लगेच चालेल म्हणू नकोस. एकदा घाई झालीय. आठवडाभर थांब."

एमेट आठवडाभर थांबला. त्या आठवड्यात दोनदा त्याला मॅकेन्झीचे दिवे स्वप्नात दिसले, एकदा तर तो उठून फोन हातात घेऊन बसला. आठवड्याने त्याने तेच सांगितलं.

"मग ये," हॅल्वरसन म्हणाले. "बूट जुने आण. इथे चिखल असतो."

शनिवारी वॉरन त्याला गाडीत घालून मार्लिसच्या कॅफेसमोर घेऊन गेले. कशाला ते सांगितलं नाही. मार्लिस अक्षरं काढायची लांब काठी घेऊन बाहेर आली. वॉरननी ती तिच्या हातातून घेतली आणि एक एक अक्षर स्वतः खाली उतरवलं. काचेच्या आत न्याहारी करणारे लोक पाहत होते. वॉरन क्लासन लाजाळू माणूस. त्यांचे कान लाल झाले होते, पण शेवटचं अक्षर निघेपर्यंत ते थांबले नाहीत. मग आत जाऊन गल्ल्याशेजारचा फोटो सोडवला, घडी न घालता शर्टाच्या आत सरकवला.

"आता काय लावू?" मार्लिसने विचारलं. "ऑर्डवे लावू का?"

"अजून कुणी घेतलं नाहीये त्याला," वॉरन म्हणाले. "आज सूप कसलं आहे?"

"बटाट्याचं."

"मग ते लाव."

घरी पोचल्यावर वॉरन गाडीतच बसून राहिले. किल्ली फिरवून गाडी बंद केली तरी उतरले नाहीत.

"तो डब्यूकचा पोरगा. हात कसा आहे त्याचा?"

"चांगला आहे म्हणतात."

"दुसऱ्या बेसला फेकताना चेंडू उंच जातो की सरळ?"

"मी पाहिलेला नाही, डॅड."

"सरळ जात असला तर तुला कठीण आहे. तुझा थोडा उंच जातो." ते उतरले, मागच्या सीटवरचा ग्लोव्ह काढला, तळहातावर दोनदा आपटला. "ऊन आहे तोवर टाक थोडे."

अंगणापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत ते पावलं टाकत गेले आणि पळणाऱ्या खेळाडूला बाद करायचा दुसरा बेस जिथे असता तिथे वळून उभे राहिले. एमेट उकिडवा बसला, उठला, फेकला. पहिला उंच गेला. दुसराही. "सांगितलं ना," वॉरन लांबून म्हणाले. पाचवा का सहावा सरळ गेला, इतका सरळ की वॉरनच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून उडाला आणि गोठ्यामागच्या खडीत घरंगळला.

"मी आणतो," एमेट म्हणाला आणि धावला.

वॉरन थांबले. बराच वेळ गोठ्यामागून काही आलं नाही.

"चेंडू शोधतोयस की दगड?"

"चेंडू केव्हाच सापडला," एमेट म्हणाला. "एक मिनिट."

वॉरननी ग्लोव्ह काखेत धरला आणि खाली वाकून, जरा संकोचत, पायाजवळची खडी बुटाने बाजूला केली.